मराठवाड्याची खादी आणि तिरंगा

निजामाच्या राजवटीत मराठवाड्यातला परभणी-नांदेडचा मुलूख गावरानी कापसासाठी ओळखला जाई. वाण देशी असूनही त्यातून बारीक सूत निघे, म्हणून गिरण्यांकडून त्याला मागणी होती. मात्र गिरणीच्या स्वस्त कापडापुढे गावोगावचे हातमाग थंडावत गेले आणि पिढीजात विणकरांवर शेतमजुरीची पाळी आली.

ही पडझड थोपवण्याचा प्रयत्न खादीने केला. १९२५ साली अखिल भारत चरखा संघ स्थापन झाल्यावर कताई-विणाईला संघटित रूप आले. हैदराबाद संस्थानात तर खादी वापरणे म्हणजे राष्ट्रीय चळवळीशी उघड नाते सांगणे होते. १५ ऑगस्ट १९४७ रोजी हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थांनी हैदराबादेत तिरंगा फडकवला आणि त्यांना अटक झाली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करली, तोवर या मुलखात तो झेंडा फडकवणाऱ्याच्या वाट्याला तुरुंगच होता.

पुढे भाषावार प्रांतरचनेत मराठवाडा मराठी राज्यात आला आणि १९६७ साली नांदेडला मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती उभी राहिली. तिच्यामागे स्वामीजी आणि गोविंदभाई श्रॉफ ही मुक्तिसंग्रामातलीच माणसे होती. संचालकांना नफा वाटण्याऐवजी कारागिरांना काम देणाऱ्या संस्थेला हल्ली सामाजिक उद्योग म्हणतात. समितीने हेच काम ते नाव रूढ होण्याच्या कितीतरी आधी सुरू केले. राष्ट्रध्वजाचे कापड विणणाऱ्या देशातल्या मोजक्या खादी संस्थांत तिचा समावेश होतो, आणि ज्या प्रदेशात या झेंड्यासाठी माणसांनी तुरुंग भोगला, तिथेच तो विणला जावा, ही मराठवाड्याच्या इतिहासातली मोठी गोष्ट आहे.

ध्वजाचे कापड साधे नसते. भारतीय मानकांच्या यादीतला पहिला क्रमांक, आयएस १, राष्ट्रध्वजाचाच आहे. हे मानक १९५१ साली ठरले. झेंड्याचे मुख्य कापड आणि दोरी ओवण्याच्या पट्टीचे जाड कापड वेगवेगळे विणावे लागते. लांबी-रुंदीचे प्रमाण ३:२, चक्राला आरे २४, आणि आकार ठरलेले नऊ. त्यांतला सर्वांत मोठा २१ फूट बाय १४ फुटांचा. सुताची जाडी, विणीचा घट्टपणा, रंगाची छटा, शिलाई यांत फरक पडला तर माल नाकारला जातो.

या कामासाठी समितीच्या उदगीर केंद्रातले माग चालतात. पेळूपासून अंबर चरख्यावर सूत निघते. एक हजार मीटर सुताची एक गुंडी धरतात आणि कातणारीची मजुरी गुंडीवर ठरते. सुताला खळ देऊन ताणा लावला जातो, बाण्याच्या कांड्या भरल्या जातात. मग विणकर पायाने पावड्या दाबतो, हाताने धोटा फेकतो आणि फणीने प्रत्येक धागा ठोकून बसवतो. त्याची मजुरी मीटरवर ठरते. चरख्यावर बहुतेक बायाच असतात. घर आणि शेत सांभाळून गावातच मिळणारी ही रोकड कमाई त्यांना मोलाची वाटते.

ध्वजाची मागणी २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या आधी वाढते. मराठवाड्यात मुक्तिसंग्राम दिनामुळे १७ सप्टेंबरचीही त्यात भर पडते. हे हमखास गिऱ्हाईक खादीला २००२ च्या ध्वजसंहितेने दिले होते, कारण झेंडा हातकताईच्या आणि हातविणीच्याच कापडाचा असावा, असे तीत म्हटले होते. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने यंत्रावरच्या आणि पॉलिएस्टरच्या झेंड्यांनाही मुभा मिळाली. २०२२ साली ‘हर घर तिरंगा’ मोहिमेत घरोघरी झेंडे लागले, त्यांत पॉलिएस्टरचे झेंडे मोठ्या संख्येने होते. हुबळीच्या खादी संस्थेने या बदलाला जाहीर विरोध केला. खादीच्या झेंड्याच्या किमतीत कातणारीपासून शिवणाऱ्यापर्यंत अनेकांची मजुरी असते, त्यामुळे निव्वळ भावाच्या स्पर्धेत तो पॉलिएस्टरपुढे टिकणे अवघड आहे, आणि मागणी घटली की पहिली झळ गुंडीवर मजुरी घेणाऱ्या बायांनाच बसते.