वेखंड

(सं. वचा, उग्रगंधा, लॅ. ॲकोरस कॅलॅमस, कुल-ॲकोरेसी). दलदलीत व ओढ्याकाठी वाढणारी बहुवर्षायू, सुगंधी ओषधी. पाने तलवारीसारखी, मधली शीर ठळक. खोड जमिनीत आडवे सरपटणारे (मूलक्षोड). बारीक, पिवळसर हिरवी फुले दाट कणिशावर येतात. फळे क्वचितच धरतात; म्हणून लागवड मूलक्षोडाच्या तुकड्यांनीच करतात.

लागवड : पाणी धरून ठेवणारी चिकण किंवा गाळाची जमीन मानवते. पावसाळ्याच्या आरंभी चिखलणी करून कोंब असलेले तुकडे सु. ३० सेंमी. अंतरावर, ४–५ सेंमी. खोल लावतात. सुरुवातीला ५ व पुढे १० सेंमी. पाणी ठेवतात. मराठवाड्यातील गावांत उन्हाळा कडक असल्याने शेततळ्याचा काठ किंवा सांडपाणी न मिसळणारा पाणथळ कोपरा निवडावा, जागा नसल्यास बुडाला छिद्र नसलेली कुंडी चालते. सु. वर्षभराने पाने पिवळी पडू लागली की मूलक्षोड खणून, धुऊन सावलीत वाळवतात.

उपयोग : तान्ह्या बाळाच्या घुटीत वेखंड उगाळून देण्याची रूढी आहे. मात्र त्यातील बीटा-ॲसरोन प्राण्यांवरील प्रयोगांत कर्ककारक आढळले असून अमेरिकेत १९६८ पासून वेखंड खाद्यपदार्थांत वापरण्यास बंदी आहे. त्यामुळे बाळाला ते पोटातून देऊ नये. कपड्यांत व धान्यात कीड लागू नये म्हणूनही ते ठेवतात.