निळ्या धुराची वंशावळ

आमच्या संस्थेच्या आवारातले हिरवळ कापायचे यंत्र एका पावसाळ्यात एकाएकी निळा धूर ओकू लागले. आदल्या दिवशी माळीबुवांनी पाते धार लावायला काढले होते, एवढीच काय ती नवी गोष्ट. दुरुस्तीवाल्याने लांबूनच निदान केले, "रिंगा गेल्या. इंजिन खोलावं लागेल." माळीबुवांनी तेल जादा ओतले असणार, असा ठपकाही ठेवून झाला. विज्ञानात डॉक्टरेट मिळवलेल्या आम्हा मंडळींपैकी एकालाही हा धूर कोणत्या वाटेने येतो, असे विचारावेसे वाटले नाही.

त्याचे उत्तर यंत्राच्या इतिहासातच आहे. इंग्लंडमधील स्ट्राउडजवळ लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या. कापडावरची लव कातरणारे तिथले यंत्र पाहून एडविन बडिंगला गवत कापण्याची युक्ती सुचली आणि १८३० मध्ये त्याने पेटंट घेतले. हे यंत्र माणसे ढकलत, मोठे असेल तर घोडा ओढी. टापांनी हिरवळ खराब होऊ नये म्हणून घोड्याला चामड्याचे बूट घालत! १८९३ मध्ये जेम्स समनरने वाफेवर चालणारे यंत्र काढले, पण ते फार जड होते. १९०२ मध्ये रॅन्सम्स कंपनीने पेट्रोलचे यंत्र बाजारात आणले.

दरम्यान, बाथ शहरातील जोसेफ डे याने १८९१ मध्ये एका साध्या दोन-धावी इंजिनाचे पेटंट घेतले होते. ऑटोच्या १८७६ च्या इंजिनात दट्ट्याच्या चार धावांमागे एकदा स्फोट होई, इथे दोन धावांमागे. डे याने क्रँककेसलाच पंप बनवले. ताजे मिश्रण आधी तिथे येई आणि मग सिलिंडरमध्ये ढकलले जाई. पण ज्या पेटीतून इंधन जायचे तिथे तेल साठवणार कसे? पुढे तेल पेट्रोलमध्येच मिसळण्याची पद्धत पडली. म्हणजे या इंजिनाने तेल जाळायचे हे ठरलेलेच! आपल्याकडच्या जुन्या स्कूटर आणि रिक्षा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना तो धूर आणि पेट्रोलपंपावरचे तेलाचे माप आठवेल. सिडनीच्या मर्व्हिन व्हिक्टर रिचर्डसनने १९५२ मध्ये आपल्या गॅरेजमध्ये 'व्हिक्टा' यंत्राचा पहिला नमुना जुळवला, तो याच जातीच्या इंजिनावर. पेट्रोलची टाकी म्हणून त्याने पीचचा रिकामा डबा वापरला होता.

अशा इंजिनातून निघणारी पातळ निळसर रेघ हा रोग नव्हे. ती दाट झाली तर आधी मिश्रणातले तेलाचे प्रमाण तपासावे.

आमचे यंत्र मात्र चार-धावी होते. त्यात तेल खाली क्रँककेसमध्ये वेगळे असते आणि ते सिलिंडरमध्ये जळणे अपेक्षित नसते. तिथवर पोचायला त्याला मुख्यतः तीन वाटा: दट्ट्याच्या झिजलेल्या रिंगांवरून, झडपांच्या दांड्यांलगत, किंवा क्रँककेसच्या श्वासनळीतून कार्ब्युरेटरमार्गे. पहिल्या दोन वाटा झिजेने हळूहळू रुंदावतात. तिसरी मात्र एका दिवसात उघडते. तेल खुणेच्या वर गेले, किंवा यंत्र कार्ब्युरेटरच्या कुशीवर आडवे केले, की झाले.

काळा धूर निराळा. तो कार्बनच्या कणांचा असतो. हवा कमी आणि पेट्रोल जास्त झाले की येतो. तेव्हा हवेची गाळणी तुंबली आहे का, चोक अडकला आहे का, ते पाहावे. पांढऱ्या धुराने पुष्कळांची फसगत होते. मोटारीत तो बहुधा सिलिंडरमध्ये पाणी शिरल्याची खूण मानतात. पण गवताच्या यंत्राचे इंजिन सहसा हवेने थंड होते, तिथे पाण्याची टाकीच नाही. हा पांढरा धूरही बहुतेक वेळा तेलाचाच. तेलाचे थेंब फार बारीक असले तर ते निळा प्रकाश अधिक विखुरतात, मोठे असले तर सर्वच रंग सारखे. टिंडॉलने १८६९ मध्ये बारीक कणांची निळाई प्रयोगशाळेत दाखवली होती. वर्गात आकाशाचा निळा रंग शिकवताना हे उदाहरण चांगले उपयोगी पडते.

एवढा विचार झाल्यावर आम्ही माळीबुवांना विचारले, "पातं काढताना यंत्र कोणत्या कुशीवर ठेवलं होतंत?" त्यांनी दाखवले. कार्ब्युरेटर खाली! हवेची गाळणी उघडली तर कागद तेलाने भिजलेला. प्लगची वायर काढून बाजूला ठेवली (पात्याजवळ हात घालण्याआधी हे केलेच पाहिजे), प्लग काढून पुसला, दोरी आठ-दहा वेळा ओढून सिलिंडरमधले तेल बाहेर काढले. गाळणी नवी बसवली. सपाट जमिनीवर तेलाची पातळी पाहिली; ती खुणेच्या वर नव्हतीच. यंत्र सुरू करताच आधी पांढरा लोट आला, मग निळी रेघ, आणि दहाएक मिनिटांत तीही विरली. विरली नसती, तर मात्र रिंगांचा संशय घेऊन सिलिंडरमधला दाब मोजावा लागला असता.

यंत्र कोणत्या कुशीवर आडवे करावे, हे माहितीपुस्तिकेत चित्रासह छापलेले होते. पुस्तिका इंग्रजीत होती, आणि पहिल्या दिवसापासून आमच्याच कपाटात पडून होती. आम्ही माळीबुवांची माफी मागितली आणि यंत्राच्या वर ठेवायच्या बाजूवर पांढऱ्या रंगाने मोठा बाण काढून 'ही बाजू वर' असे लिहिले.