माहूर परिसरातील मुले आणि वाचनाची भाषा
निजामाच्या हैदराबाद संस्थानात माहूरच्या सरकारी शिक्षणावर उर्दूचा वरचष्मा होता आणि १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाल्यावरच मराठी मुलांना स्वभाषेतून शिकण्याची वाट खऱ्या अर्थाने मोकळी झाली. पुढे १९६७ मध्ये ‘बालभारती’ हे पाठ्यपुस्तक मंडळ स्थापन झाले. अर्धशतकानंतर, २०१७ मध्ये, ‘दीक्षा’ हे शैक्षणिक ॲप आले, तर २०२० मध्ये मराठीत आलेले ‘रीड अलाँग’ हे ॲप मुलाचे मोठ्याने केलेले वाचन ऐकून अडलेला शब्द दुरुस्त करू लागले. मात्र माहूर-किनवट भागात घरी गोरमाटी (बंजारा समाजाची बोली), गोंडी किंवा कोलामी बोलणाऱ्या मुलांना मराठी मुख्यतः शाळेतच भेटते. मराठी मुलांनी पूर्वी सोसलेला अन्याय या मुलांच्या वाट्याला येऊ नये, म्हणून या भाषांतील गोष्टीही अशा ॲपमध्ये आल्याच पाहिजेत.