रुमालाखालचा भाव

व्यापारी फुकट काही देत नाही, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे आणि अनुभवही तिच्या फारसा विरुद्ध जात नाही. असे असता आज मोठमोठ्या कंपन्या कोट्यवधी रुपये खर्चून मोबाइलवरची ॲप तयार करवितात आणि ती शेतकऱ्याच्या हाती विनामूल्य ठेवतात, ह्याचा अर्थ काय लावावयाचा? बाजारभाव, हवामान, बी-बियाण्यांची मागणी, पैशांची देवघेव, सगळ्यांसाठी ॲप आहे. ह्या प्रश्नाचे उत्तर मला नव्या यंत्रापेक्षा वाशीम जिल्ह्यातल्याच एका जुन्या बाजारात अधिक स्पष्ट दिसते. तो बाजार कारंजाचा.

लाडांचे कारंजे हे व्यापाराचे पुरातन गाव. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. पुढे १८६१ ते १८६५ ह्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे साऱ्या जगाचे डोळे लागले. १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. १८७० साली मुंबई-लंडन समुद्रातळीची तार जोडली गेली. रॅली, फोल्कार्ट अशा परदेशी पेढ्यांचे अडत्ये वऱ्हाडच्या बाजारांत येऊन बसले. लिव्हरपूलची धारण पूर्वी आगबोटीच्या टपालाने आठवड्यांनी कळे, ती आता तारेने लौकर कळू लागली.

पण कळू लागली ती कोणाला? ज्याच्यापाशी तार करावयास पैसा होता त्याला. मानोऱ्याकडून कापसाची गाडी हाकीत आलेल्या कुणब्याला ती कळण्याचा मार्ग नव्हता. तारेवर होणारा खर्च हा दोन माणसांच्या ज्ञानातील ह्या अंतरातून भरून निघे. भांडवल माहितीवर का लावावे, ह्याचे पहिले उत्तर हे असे आहे.

त्यातच सौद्याची रीत अशी की, दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालीत, बोटे दाबून भाव ठरवीत आणि मालाचा धनी शेजारी नुसता उभा असे. हिलाच हत्तापद्धत म्हणतात. शिवाय हमाली, तोलाई, धर्मादाय, कडता अशा नाना नावांनी रक्कम कापली जाई. वजने कोणाची, तर घेणाऱ्याची.

अशा परिस्थितीत १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमान्वये कारंजाचा कापूसबाजार नियंत्रित झाला. हिंदुस्थानातील नियंत्रित बाजाराचा आरंभ येथून मानतात. पुढे १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. अडत्ये, दलाल, मापारी ह्यांना परवाने आले, वजनमापांची तपासणी आली, बाजारावर समिती आली. सरकारला कुणब्याचा कळवळा आला होता असे मात्र कोणी समजू नये. गिरण्यांना शुद्ध कापूस माफक भावात मिळावा, हा त्यातला मोठा हेतू होता. समितीतही व्यापाऱ्यांचाच भरणा होता. पिकविणाऱ्याला तीत जागा नव्हती. १९२८ सालच्या शेतीविषयक रॉयल कमिशनने वऱ्हाडी पद्धतीची दखल घेताना हा उणेपणा दाखविला. तथापि हेतू कोणताही असो, तराजू आणि सौदा चार माणसांदेखत आला, हा लाभ खरा होता.

आता ॲपकडे वळू. जी रॉयटर कंपनी १८५० साली आखेन आणि ब्रुसेल्सच्या दरम्यान कबुतरांकरवी बाजारभाव धाडीत होती, तिनेच २००७ साली महाराष्ट्रातील शेतकऱ्यांना मोबाइलवर मराठीतून बाजारभाव पाठविण्याची सेवा सुरू केली. ही सेवा मूल्य घेऊन दिली जाई. पुढे अर्थशास्त्रज्ञ फाफशां आणि मिंटेन ह्यांनी राज्यातील शंभर गावांत तिची परीक्षा केली. २०१२ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की, संदेश मिळणाऱ्या शेतकऱ्याला सरासरीने अधिक भाव मिळाल्याचे दिसत नाही. उलट, मध्य प्रदेशात आयटीसी कंपनीने २००० सालापासून ई-चौपाल नावाची संगणककेंद्रे उघडली, तेव्हा आसपासच्या मंडयांत सोयाबीनचे भाव शेकडा एक ते तीन वाढले, असे अपराजिता गोयल ह्यांनी २०१० साली दाखविले.

हा फरक का पडावा? माझ्या मते, भाव कळणे आणि भाव मिळणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याने अडत्याची उचल घेतली आहे, ज्याला गाडीभाडे परवडत नाही, त्याला दूरच्या पेठेचा भाव कळून उपयोग काय? मध्य प्रदेशात कंपनी नुसता भाव सांगत नव्हती. ती स्वतः खरेदीदार होती, तिने दुसरा तराजू उभा केला होता. तिचा स्वार्थही उघड होता: मधली अडत वाचावी आणि माल पारखून मिळावा.

ॲपवर पैसा लावण्याची व्यापाऱ्याची कारणे अशी जुनीच आहेत. मधला हिस्सा वाचविणे हे एक. गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानी जाऊ न देणे हे दुसरे. तिसरे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. अडत्याच्या खतावणीत कोणाचे पीक किती, कर्ज किती, पत किती, हे सारे लिहिलेले असे, आणि त्या वहीतच त्याचे सामर्थ्य होते. दिवाळीला लक्ष्मीपूजनात तिची पूजा होते ती उगीच नव्हे. ॲप ही तशीच खतावणी आहे; भेद इतकाच की तीत शेतकरी आपल्या हाताने आपली नोंद करतो आणि वही मात्र दुसऱ्याच्या कपाटात राहते.

२०२५ साली भारतीय कापूस महामंडळाने हमीभावाने कापूस विकू इच्छिणाऱ्यांच्या नोंदणीसाठी ‘कपास किसान’ हे ॲप आणले. ही कंपनी सरकारी आहे. तरी त्यातून एक गोष्ट ध्यानी येते. ॲप आता बाजाराची केवळ खबर राहिलेले नाही, ते बाजाराचे दार होऊ लागले आहे. आणि दार म्हटले की त्याच्यावर पहारा कोणाचा, हा प्रश्न येतोच.

कारंजाच्या बाजाराला नियम लागला तेव्हा तराजू तपासण्याची सोय झाली, पण पिकविणाऱ्याला समितीत बसण्यासाठी पुढे कितीतरी वर्षे वाट पाहावी लागली. ॲपच्या बाबतीत तरी हा क्रम उलटा व्हावा. नोंद कोण पाहतो, ती कोणाला विकली जाते, पतीचा निर्णय कशावरून होतो, हे विचारण्याचा अधिकार वाशीमच्या सोयाबीनवाल्याला आरंभापासून असावा. व्यापाऱ्याने नफा खुशाल मिळवावा; मात्र सौदा रुमालाबाहेर व्हावा.