धोटा आणि विटाळ

आपल्या वाडवडिलांनी मुंबईच्या गिरण्यांत घाम गाळला, हे आपल्या पोरांना ठाऊक आहे. पण विणकाम खात्याचे दार त्यांना बंद होते, हे किती जणांना ठाऊक?

कांडी बदलताना सुताचे टोक तोंडाने ओढून धोट्यातून काढावे लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा आम्ही तोंडाला कसा लावणार, असे सवर्ण कामगार म्हणत. म्हणून जास्त पगाराचे विणकाम त्यांना आणि कमी पगाराचे रिंगखाते आमच्या माणसांना!

१९२८ च्या सहा महिन्यांच्या संपात बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना रोखठोक सांगितले, ही बंदी उठवण्याची मागणी घ्या, नाहीतर आमची माणसे संपात धरू नका. मागणी नाइलाजाने घेतली गेली. मालकांनी हात झटकले. बंदी कामगारांचीच होती ना!

तरी बाबासाहेबांनी कामगारांची साथ सोडली नाही. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३८ साली मनमाडला ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे बजावले. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला संपाच्या हक्कावर गदा आणणाऱ्या बिलाविरुद्ध कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून संप केला.

आज गिरण्यांच्या जागी टॉवर उभे आहेत, आपली मुले कंत्राटावर राबतात. मुलांनो, युनियनमध्ये जरूर जा. पण तिच्या मागण्यांत सफाईवाल्याची मागणी आहे का, हे आधी विचारा. नसेल, तर ती एकजूट अर्धीच समजा.

जयभीम!