अमेरिकन अभिजात संगीतातील ‘बोली’ आणि तिचे धनी

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील अभिजात संगीताचा इतिहास सांगताना बहुधा गाजलेल्या कृतींची एक ठरीव मालिका पुढे मांडली जाते : गर्श्विनची ‘ऱ्हॅप्सडी इन ब्ल्यू’, बार्बरचे ‘अडाज्जो फॉर स्ट्रिंग्ज’, कोपलंडचे ‘ॲपलेशियन स्प्रिंग’. ही मालिका चुकीची नाही. परंतु ती ज्या प्रश्नाच्या ऊहापोहातून घडत गेली तो प्रश्न तीत दिसत नाही. युरोपातून आलेल्या रचनाप्रकारांत या देशाची स्वतःची वाणी कशी उमटावी, आणि ही वाणी मुळात कोणाची मानावी, असा तो प्रश्न होय. भाषाशास्त्राच्या अभ्यासकास तो ओळखीचा वाटेल. प्रमाणभाषा बोलींतून शब्द व वाक्प्रचार सहज उचलते. बोली बोलणाऱ्यास मात्र ती तितक्या सहजपणे आपल्या पंक्तीस बसवीत नाही. अमेरिकन संगीतातही हेच घडले काय, हे काही निवडक कृतींच्या आधारे येथे पाहावयाचे आहे.

या वादाला ठळक रूप आले ते एका परकीयाच्या मुखातून. न्यूयॉर्क येथे जीनेट थर्बर या बाईंनी १८८५ मध्ये स्थापिलेल्या राष्ट्रीय संगीतविद्यालयाचा संचालक म्हणून बोहेमियातील रचनाकार आंतोनिन द्वोर्झाक १८९२ च्या सप्टेंबरात अमेरिकेस आला. त्या विद्यालयात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश होता. त्यांपैकी हॅरी बर्ली हा द्वोर्झाकला स्पिरिच्युअल्स, म्हणजे गुलामगिरीच्या काळात घडलेली भक्तिगीते, गाऊन दाखवीत असे. मे १८९३ मध्ये द्वोर्झाकने वृत्तपत्रातून आपले मत प्रकट केले : या देशाचे भावी संगीत निग्रो चालींच्या पायावरच उभारले गेले पाहिजे. त्याच वर्षी १६ डिसेंबर रोजी कार्नेगी हॉलमध्ये आंटोन झाइड्ल याच्या संचालनाखाली त्याची ई मायनरमधील नववी सिंफनी, ‘फ्रॉम द न्यू वर्ल्ड’, प्रथम वाजविली गेली.

या मताचा प्रतिवाद लगोलग झाला. बॉस्टनची रचनाकार एमी बीच हिने असे प्रतिपादिले की, उत्तरेकडील लोकांचा वारसा इंग्लिश, स्कॉटिश व आयरिश गीतांचा आहे, आणि त्यांच्या रचनांवर त्याच गीतांचा संस्कार असणे स्वाभाविक होय. तिने हे केवळ सांगितले नाही, करून दाखविले. आयरिश चालींवर आधारलेली तिची ‘गेलिक सिंफनी’ बॉस्टन सिंफनी वाद्यवृंदाने ३० ऑक्टोबर १८९६ रोजी सादर केली. तिचाही स्वर ई मायनरच. एडवर्ड मॅकडॉवेल याला तर संगीतावर असा राष्ट्रीय वेष चढविण्याची कल्पनाच मान्य नव्हती. तथापि त्याच्या ‘इंडियन सूट’मधील चाली आदिवासी इंडियनांच्या आहेत, आणि त्या त्याने घेतल्या थिओडोर बेकर याने लाइपझिग विद्यापीठास सादर केलेल्या १८८२ सालच्या जर्मन प्रबंधातून. गाणारा, टिपणारा, रचणारा आणि ऐकणारा यांच्यातील अंतर किती वाढू शकते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

द्वोर्झाकच्या सिंफनीच्या दुसऱ्या खंडातील, इंग्लिश हॉर्नवर वाजणाऱ्या संथ चालीची पुढील कथा तर लोकव्युत्पत्तीची आठवण करून देणारी आहे. त्याचा शिष्य विल्यम आर्म्स फिशर याने १९२२ मध्ये या चालीला शब्द देऊन ‘गोइंग होम’ हे गीत तयार केले. ते इतके रूढ झाले की मूळ स्पिरिच्युअल हेच असून द्वोर्झाकनेच ती चाल तेथून उचलली, असे अनेकांस वाटू लागले. ऐकणाऱ्यांनी उसन्याचा क्रमच उलटा केला. तेव्हा एखादी चाल लोकांची ‘वाटते’ एवढ्यावरून ती लोकांकडून आली असे अनुमान काढता येत नाही.

विसाव्या शतकात सभागृहाचे दार या वाणीसाठी अधिक उघडले. १२ फेब्रुवारी १९२४ रोजी न्यूयॉर्कच्या एओलियन हॉलमध्ये पॉल व्हाइटमनच्या ताफ्याने जॉर्ज गर्श्विनची ‘ऱ्हॅप्सडी इन ब्ल्यू’ सादर केली. पियानोवर स्वतः गर्श्विन होता. वाद्ययोजना फर्डी ग्रोफे याची होती. जॅझचा बाज अभिजात मैफलीत प्रतिष्ठित झाला तो या कृतीने. परंतु ज्या समाजात जॅझचा जन्म झाला, त्या समाजाचा कोणी वादक त्या मंचावर नव्हता. व्हाइटमनचा ताफा गौरवर्णीयांचा होता. गर्श्विनच्या बाबतीत न्याय्य बोलावयाचे तर हेही सांगितले पाहिजे की, १९३५ च्या ‘पॉर्गी अँड बेस’ या संगीतिकेतील कृष्णवर्णीय पात्रांसाठी त्याने कृष्णवर्णीय गायकच योजिले.

या पार्श्वभूमीवर विल्यम ग्रँट स्टिल याच्या ‘ॲफ्रो-अमेरिकन सिंफनी’चे महत्त्व ध्यानात येते. १९३० मध्ये रचलेली ही सिंफनी पुढील वर्षी रॉचेस्टर येथे हॉवर्ड हॅन्सनच्या संचालनाखाली प्रथम वाजविली गेली. स्टिलने स्पिरिच्युअल न घेता ब्लूजचा बारा मात्राखंडांचा साचा पत्करला, आणि तोही उसना न घेता त्यात स्वतःची चाल रचली. तिसऱ्या खंडात त्याने बँजोस स्थान दिले. चारही खंडांना त्याने पॉल लॉरेन्स डनबार या कवीच्या काव्यपंक्ती जोडल्या. पहिल्या तीन खंडांच्या पंक्ती बोलीतील आहेत, तर ‘आकांक्षा’ असा आशय असलेल्या शेवटच्या खंडाची पंक्ती प्रमाण इंग्रजीतील आहे. बोली व प्रमाण या दोन्हींवर आपला सारखाच अधिकार आहे, असे येथे सूचित होते. बोली येथे उद्धृत केलेली नाही. बोली बोलणारा स्वतःच बोलत आहे.

फ्लॉरेन्स प्राइस हिची कथा याहून उद्बोधक आणि क्लेशकारक आहे. आर्कन्सॉमधील लिटल रॉक येथे १८८७ मध्ये जन्मलेली प्राइस न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीची पदवीधर होती. १५ जून १९३३ रोजी फ्रेडरिक स्टॉकच्या संचालनाखाली शिकागो सिंफनी वाद्यवृंदाने तिची पहिली सिंफनी वाजविली. कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्रीची सिंफनी एखाद्या प्रमुख वाद्यवृंदाने सादर करण्याचा हा पहिलाच प्रसंग. या सिंफनीचाही स्वर ई मायनर आहे. तिच्या तिसऱ्या खंडाचे नाव ‘जूबा’; टाळ्या, थापा आणि पावलांचे ठोके यांच्या तालावर गुलाम जो नाच करीत त्याचे हे नाव. येथेही रूढ चालींचे उद्धरण नाही, चाली स्वतंत्र आहेत. द्वोर्झाकच्या सिंफनीस त्या वेळी जवळजवळ चाळीस वर्षे झाली होती. चालीच्या बाजास सभागृहात प्रवेश मिळाला १८९३ मध्ये; त्या बाजाच्या वारस स्त्रीस चार दशके थांबावे लागले.

यावर असा आक्षेप येईल की, विलंब हा नवनिर्मितीचा सर्वत्र आढळणारा भोग आहे. या संदर्भात चार्ल्स आइव्ह्जचे उदाहरण देता येईल. विम्याच्या व्यवसायात असलेल्या आइव्ह्जने आपल्या न्यू इंग्लंडमधील भजने आणि देशभक्तिपर गीते आपल्या कृतींत गुंफली. त्याची तिसरी सिंफनी १९४६ मध्ये प्रथम ऐकली गेली व १९४७ मध्ये तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. दुसरी सिंफनी तर १९५१ पर्यंत थांबली. आक्षेप विचारार्ह आहे. परंतु दोन्ही विलंब एका जातीचे नाहीत. आइव्ह्जची सांगीतिक भाषा त्याच्या समकालीनांच्या कानांस दुर्बोध होती, आणि ‘काँकॉर्ड सोनाटा’ स्वखर्चाने छापण्याइतके द्रव्यबळ त्याच्यापाशी होते. प्राइसची भाषा कोणासही सहज समजावी अशी होती. १९४३ मध्ये बॉस्टन सिंफनीचा संचालक सर्ज कूसेवित्स्की याला लिहिलेल्या पत्रात तिने आपल्यापुढील दोन अडथळे स्पष्टच सांगितले होते : आपले स्त्री असणे आणि आपला वंश. कृती तिच्या गुणांवर तपासावी, एवढीच तिची मागणी होती. त्या वाद्यवृंदाने तिची कृती वाजविली नाही.

याच काळात एरन कोपलंडची लोकप्रियता शिखरास पोहोचली. १९४२ च्या ‘रोडिओ’ या नृत्यनाट्याचा सर्वपरिचित ‘होडाउन’ हा भाग केंटकीतील विल्यम स्टेप या फिडलवादकाच्या वादनावर उभा आहे. ॲलन लोमॅक्सने १९३७ मध्ये ते ध्वनिमुद्रित केले. रूथ क्रॉफर्ड सीगर या विदुषी रचनाकाराने त्याचे स्वरलेखन केले. आणि त्या छापील स्वरलेखनावरून ते कोपलंडच्या वाद्यवृंदात गेले. क्षेत्रीय सामग्रीचा हा प्रवास आपल्या विषयातील कोणासही आपलाच वाटेल. १९४४ च्या ‘ॲपलेशियन स्प्रिंग’मध्ये शेकर पंथाची ‘सिंपल गिफ्ट्स’ ही चाल आहे. त्या कृतीचे नाव मात्र मार्था ग्रॅहम हिने रचना पूर्ण झाल्यावर सुचविले. तरीही श्रोत्यांस तीत ॲपलेशियन पर्वत ऐकू येत, आणि कोपलंडला त्याची मौज वाटे.

प्राइस १९५३ मध्ये निवर्तली. २००९ मध्ये इलिनॉयमधील सेंट ॲन गावी, तिच्या एके काळच्या उन्हाळी निवासाच्या पडीक घरात, हस्तलिखितांचे पेटारे सापडले. त्यांत दोन व्हायोलिन कन्चर्टो व चौथी सिंफनी होती. ही सिंफनी २०१८ मध्ये आर्कन्सॉमधील फोर्ट स्मिथ येथे प्रथम वाजविली गेली, म्हणजे रचनाकाराच्या मृत्यूनंतर पासष्ट वर्षांनी. छप्पर गळणाऱ्या त्या घरात ते कागद आणखी काही वर्षे राहिले असते, तर या लेखातील हा परिच्छेद लिहिता आला नसता.

या विवेचनावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक, राष्ट्रीय शैली ही केवळ उसन्या चालींनी सिद्ध होत नाही. त्या चालींच्या घडणीचे नियम ज्यास अवगत आहेत, तो नवी चाल रचूनही तीच भाषा बोलतो. स्टिल आणि प्राइस यांच्या कृती याची साक्ष देतात. दुसरी, ‘प्रसिद्ध कृतींची’ कोणतीही यादी हा गुणवत्तेचा निर्णय असतो, तसाच तो कोणाचे कागद जपले गेले याचाही निर्णय असतो. बोलीचे नमुने गोळा करणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी निवेदकाचे नाव, गाव आणि तारीख नमुन्यासोबत नोंदविण्याचा कंटाळा करू नये. पुढे तो नमुना कोणाच्या ग्रंथात किती गौरवाने मिरवेल हे आज सांगता येत नाही. त्याचा धनी कोण होता, हे मात्र आजच नोंदवून ठेवता येते.