ट्रान्सफॉर्मर खेळणी : संग्रह आणि पारख

मोटार, विमान, पिस्तूल, कॅसेट प्लेअर, डायनासोर अशा एखाद्या ओळखीच्या रूपातून सांधे वळवत, भाग सरकवत यंत्रमानव होणाऱ्या आणि त्याच मार्गाने परत मूळ रूपात जाणाऱ्या खेळण्यांना सामान्यपणे ट्रान्सफॉर्मर म्हणतात. हे नाव अमेरिकेतील हॅस्ब्रो कंपनीने १९८४ मध्ये आणलेल्या ‘ट्रान्सफॉर्मर्स’ या मालिकेचे. खेळणी मात्र जन्माने जपानी. मुलांसाठी बनलेला हा माल आज मोठ्या प्रमाणावर प्रौढ संग्राहकांच्या कपाटांत आहे आणि त्याची खरेदी-विक्री, दुरुस्ती व पारख यांची स्वतःची रीत तयार झाली आहे. नाणी किंवा टपाल तिकिटे पारखण्यापेक्षा ही पारख एका बाबतीत वेगळी पडते : येथे वस्तू हलते. ती नीट बदलते की नाही यावर तिचे मोल ठरते, आणि ते पाहायचे तर तिला हात लावावा लागतो.

उगम : रूप बदलणारा यंत्रमानव जपानी खेळण्यांत १९७० च्या दशकातच आला. १९७५ च्या ‘रायदीन’ या चित्रमालिकेतील यंत्रमानव पक्ष्याचे रूप घेई आणि पोपी कंपनीच्या खेळण्यातही ते करता येई. संग्राहकांच्या दृष्टीने खरे महत्त्व मात्र टाकारा कंपनीच्या दोन मालिकांना आहे : १९८० ची ‘डायाक्लोन’ आणि ‘मायक्रोमॅन’ मालिकेतून १९८३ मध्ये निघालेली ‘मायक्रो चेंज’. डायाक्लोनमधली यंत्रे माणसांनी चालवायची असत. पायांत लोहचुंबक असलेले, जेमतेम तीन सेंटीमीटर उंचीचे चालक त्यांच्या आत बसत. मायक्रो चेंजची कल्पना याच्या उलट. तिच्यात घरातलीच वस्तू, म्हणजे पिस्तूल, कॅमेरा, कॅसेट, घड्याळ, जवळपास खऱ्या आकारात असे आणि तिचा यंत्रमानव होई. शोजी कावामोरी, कोजिन ओनो यांच्यासारख्या रचनाकारांचे हात या साच्यांना लागले होते. हॅस्ब्रोच्या मंडळींनी १९८३ मध्ये टोकियोच्या खेळणी प्रदर्शनात हा माल पाहिला, परवाना घेतला आणि दोन्ही मालिका एकाच कथेत आणल्या. ट्रक असलेला ऑप्टिमस प्राइम आणि वॉल्थर पी-३८ पिस्तूल असलेला मेगाट्रॉन शेजारी ठेवले की प्रमाणाचा जो घोळ दिसतो, त्याचे मूळ हे आहे. सुरुवातीच्या अनेक ऑटोबॉट, म्हणजे कथेतल्या नायकपक्षाच्या, गाड्यांत चालकाची बैठक आजही रिकामी दिसते; चालक मात्र हॅस्ब्रोच्या खोक्यात कधी आलाच नाही.

कथेचे काम मार्व्हल कॉमिक्सकडे गेले. ऑप्टिमस प्राइम हे नाव डेनिस ओनील यांनी दिले. बाकी बहुतेक पात्रांची नावे आणि स्वभाव बॉब बुडियान्स्की यांनी लिहिले. हे लिखाण खोक्याच्या मागच्या ‘टेक स्पेक्स’ नावाच्या तक्त्यात छापले जाई. बळ, बुद्धी, वेग, धैर्य यांचे एक ते दहापर्यंतचे गुण लाल रेघांच्या गुंत्यात लपवलेले असत आणि सोबतची लाल पारदर्शक पट्टी वर धरली की आलेख वाचता येई. मुलांनी हा तक्ता कापून जपून ठेवावा अशी योजना होती. त्यामुळे झाले असे, की खोका अखंड राहिलेला नग आणि तक्ता नीट कापलेला नग असे दोन वर्ग पडले आणि दुसऱ्याची किंमत कायमची उतरली. खरे तर तो खोका ज्या कामासाठी बनला होता त्याच कामी आला होता.

दूरचित्रवाणीवरील मालिकाही १९८४ मध्येच सुरू झाली. टोंका कंपनीचे ‘गोबॉट्स’ हे त्या काळातले मोठे प्रतिस्पर्धी. तेही जपानीच, बांदाईच्या ‘मशीन रोबो’ मालिकेतून आलेले. १९९१ मध्ये हॅस्ब्रोने टोंकाच विकत घेतली. टाकारा २००६ मध्ये टोमीत विलीन होऊन टाकारा टोमी झाली. २००७ च्या चित्रपटाने या खेळण्यांना नवी पिढी मिळवून दिली, तर न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथील राष्ट्रीय खेळणी दालनात ट्रान्सफॉर्मर्सचा समावेश २०२४ मध्ये झाला.

जुन्या नगाची पारख : १९८४ ते १९९० च्या दरम्यानच्या मालाला संग्राहक ‘जी-वन’, म्हणजे पहिली पिढी, म्हणतात. सुटा नग हाती आला की पाहणी पुरेपणापासून सुरू होते. ऑप्टिमस प्राइमचे उदाहरण घ्यावे. नुसता ट्रक असून भागत नाही. दोन सुट्या मुठी, काळी बंदूक, ट्रेलर, ट्रेलरमधली ‘रोलर’ नावाची छोटी गाडी, इंधनाचा पंप, त्याची नळी आणि बारीक क्षेपणास्त्रे एवढे सगळे हवे. यांत सर्वांत आधी हरवतात त्या मुठी, कारण ट्रकच्या रूपात त्यांना अंगावर जागाच नाही. स्टारस्क्रीम, थंडरक्रॅकर आणि स्कायवार्प ही तिन्ही एफ-१५ विमाने एकाच साच्यातली, केवळ रंगाने निराळी. त्यांचे पंख, शेपटीचे पट्टे, मुठी, क्षेपक सगळे सुटे असते आणि एकाचा भाग दुसऱ्याला लावून ‘पूर्ण’ केलेले नग बाजारात सर्रास फिरतात. रंगाची छटा उजेडात जुळवून पाहणे हाच त्यावरचा उपाय.

दुसरी पायरी सांध्यांची. पहिल्या दोन वर्षांच्या मालात जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव भाग, रबरी टायर आणि चकचकीत क्रोम मुलामा भरपूर होता. नंतर काटकसर होत जाऊन धातू कमी झाला. धातूचा भाग प्लास्टिकच्या खुंटीवर फिरतो तेथे खुंटी झिजते, आणि यंत्रमानव उभा राहतो खरा, पण कंबरेत डुलतो. नग घेताना तो किमान एकदा विकणाऱ्यासमोर पूर्ण बदलून पाहावा. बिजागरीजवळ पांढरी रेघ दिसली तर तेथे प्लास्टिक ताणले गेले आहे आणि पुढचा ताण ते सोसेलच असे नाही. क्रोमची झीज, फॉइलच्या स्टिकरांच्या उचललेल्या कडा, गंजलेले स्क्रू हे त्यानंतर. स्टिकर नव्याने छापून मिळतात आणि ते लावलेला नग दिसतोही सुंदर; परंतु विकताना तसे सांगितलेच पाहिजे.

अंगावरचा साल पाहून वय ठरवू नये. साउंडवेव्हसारख्या मायक्रो चेंजमधून आलेल्या नगावर १९७४ असा साल दिसतो. तो मायक्रोमॅनच्या हक्काचा साल आहे, खेळणे बनल्याचा नव्हे. वयाची जास्त भरवशाची खूण म्हणजे ‘रब साइन’ : १९८५ पासून लावलेला एक चौकोनी काळसर स्टिकर, बोटाने चोळला की उष्णतेने त्यात ऑटोबॉट किंवा त्यांचा शत्रुपक्ष डिसेप्टिकॉन यांचे चिन्ह उमटते. तो आणला नकली मालापासून ओळख पटावी म्हणून. आज त्याचा उपयोग आधीची आणि नंतरची आवृत्ती वेगळी करण्यासाठी होतो.

आवृत्त्यांतील फरक हा या छंदाचा खोल भाग आहे. १९८५ चा जेटफायर टाकाराचा नव्हेच. तो ‘मॅक्रॉस’ मालिकेतल्या व्हीएफ-१ विमानाचा, टाकातोकू कंपनीचा साचा. सुरुवातीच्या काही नगांवर मॅक्रॉसमधली खूण तशीच राहिली होती आणि त्यांना अधिक मागणी असते. बंबलबी किंवा क्लिफजंपर या छोट्या गाड्यांच्या कार्डावर चुकून तिसरीच छोटी गाडी विकली गेली. कंपनीने तिला नाव दिले नव्हते, संग्राहकांनी दोन नावे जोडून ‘बंबलजंपर’ केले.

प्लास्टिकचे आजार : पांढरे एबीएस प्लास्टिक उजेडाने आणि काळाने पिवळे पडते. जेटफायर याबाबत कुप्रसिद्ध आहे. पूर्ण शुभ्र नग मिळणे कठीण. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अतिनील प्रकाश वापरून पिवळेपणा काढता येतो, पण तो पुन्हा येऊ शकतो आणि घाईत केलेल्या प्रयोगाने प्लास्टिकवर डाग पडतात.

याहून वाईट आजाराला संग्राहक ‘गोल्ड प्लास्टिक सिंड्रोम’ म्हणतात. १९८० च्या दशकाच्या अखेरीस आणि नंतरच्या काही वर्षांत, आत चकाकीचे कण मिसळलेले सोनेरी वा तत्सम प्लास्टिक वापरले गेले. ते आतूनच ठिसूळ होत जाते. वळवताना ते तुटते. काही वेळा नुसते ठेवलेलेही तडकते. जपानमध्ये १९८८ मध्ये निघालेला ब्लॅक झारक हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. यावर इलाज नाही. असा नग बदलून पाहणे म्हणजे तो मोडण्याचा धोका पत्करणे, म्हणून जाणकार माणूस आधी साच्याचे नाव आणि साल विचारतो, मगच हात लावतो.

सीलबंद माल आणि श्रेणी : बाजारात सर्वांत चढा भाव कधीही न उघडलेल्या खोक्याला मिळतो. अशा नगाला ‘एमआयएसबी’ म्हणतात. अमेरिकेतील ॲक्शन फिगर ऑथॉरिटी, म्हणजे एएफए, ही संस्था खोका, खिडकी आणि आतली आकृती पाहून शंभरपैकी गुण देते आणि नग ॲक्रिलिकच्या पेटीत बंद करून परत करते. दुरून खरेदी करणाऱ्याला याचा उपयोग होतो आणि पुन्हा चिकटवलेली खोकी पकडली जातात, हे मान्य केले पाहिजे. तरीही ही श्रेणी प्रामुख्याने पुठ्ठ्याची आणि बाहेरून दिसणाऱ्या पृष्ठभागाची आहे. आतला सांधा फिरतो का, हे ती सांगू शकत नाही. ठिसूळ झालेले प्लास्टिक खोक्यात असले म्हणून वाचत नाही. रूप बदलणे हेच ज्या वस्तूचे वैशिष्ट्य, तिला एकदाही न बदलता सर्वोत्तम ठरवणारी मोजपट्टी अपुरी आहे. सुट्या, पूर्ण, घट्ट सांध्यांच्या नगाला तिच्यापेक्षा अधिक मान मिळायला हवा.

कंपनीच्या धोरणानेही सीलबंदपणाचा अर्थ हलवला. प्लास्टिक कमी करण्यासाठी हॅस्ब्रोने २०२२ च्या सुमारास खिडकीविना, उघड्या तोंडाची खोकी आणली. दुकानातच सुटे भाग काढून घेणे, आतला नग बदलून ठेवणे असे प्रकार झाले आणि पुढे पारदर्शक खिडक्या परत आल्या.

पुनर्निर्मिती, नक्कल आणि तिसऱ्यांचा माल : जुन्या साच्यांतून कंपनीनेच पुन्हा काढलेले नग वेगळ्या वर्गात मोडतात. टाकारा टोमीची २००७ पासूनची ‘एन्कोर’ मालिका त्यांतली. १९८७ चा सुमारे दोन फूट उंच फोर्ट्रेस मॅक्सिमस तिच्यातून पुन्हा मिळाला. मेगाट्रॉनची गोष्ट निराळी. अमेरिकेत खऱ्यासारख्या दिसणाऱ्या खेळण्यातल्या पिस्तुलांवर १९८० च्या दशकाच्या अखेरीस निर्बंध आले आणि १९९० च्या दशकात तो तेथे रणगाडा होऊन परतला. पिस्तूल रूपातला नग परदेशातून मागवताना आजही सीमाशुल्काच्या तपासणीत अडकू शकतो.

चिनी नकला ‘केओ’ या नावाने ओळखल्या जातात. मूळ नगापेक्षा प्लास्टिक हलके, स्क्रूंची डोकी वेगळी, कंपनीची कोरीव मुद्रा पुसट किंवा गायब, ही त्यांची ढोबळ लक्षणे. अलीकडच्या काही नकला मात्र मुद्दाम मोठ्या आकारात आणि सुधारित सांध्यांसह येतात. फॅन्सप्रोजेक्ट, फॅन्स टॉइज यांसारख्या ‘थर्ड पार्टी’ कंपन्या परवान्याशिवाय, पण स्वतःच्या अभियांत्रिकीने नवे नग काढतात. त्यांची कारागिरी अनेकदा वाखाणण्यासारखी असते. ते जुन्या मूळ मालाच्या नावाखाली विकणे ही मात्र फसवणूक.

नव्या नगाचे मूल्यमापन : नव्या मालाला दुर्मीळपणाचे वलय नसते, म्हणून त्याची पारख अधिक निर्मळ होते. १९९६ च्या ‘बीस्ट वॉर्स’ने चेंडू-खोबणीचे सांधे रूढ केले आणि त्यानंतर यंत्रमानव हातपाय हवे तसे ठेवून उभा राहू लागला. टाकारा टोमीच्या ‘मास्टरपीस’ मालिकेने २०११ च्या एमपी-१० ऑप्टिमसपासून गाड्या एकमेकींशी प्रमाणात ठेवायला सुरुवात केली. डायाक्लोन आणि मायक्रो चेंजच्या मिश्रणातून आलेला जुना घोळ तेथे बराचसा मिटला.

परीक्षक आधी दोन्ही रूपे वेगवेगळी पाहतात. यंत्रमानवाच्या अंगावर लोंबणाऱ्या गाडीच्या निरुपयोगी भागांना ‘किबल’ म्हणतात. गाडीचे कवच सोलून पाठीवर घडी करून ठेवलेला तो ‘शेलफॉर्मर’. भाग काढून दुसरीकडे लावावे लागत असतील तर ते ‘पार्ट्सफॉर्मिंग’, आणि ते बहुतेकांना खटकते. पण अखेरचा कौल दोन रूपांमधल्या वाटेवर असतो. चांगल्या रचनेत गाडीचे बॉनेट छाती होते, दारे खांद्यामागे पंखांसारखी उभी राहतात, एक भाग फिरवला की दुसऱ्याला जागा होते, आणि शेवटी सगळे खाचेत बसल्याचा टक् असा आवाज येतो. पत्रक न पाहता दुसऱ्यांदा जमले तर रचना उत्तम. पन्नास पायऱ्यांचा मास्टरपीस कपाटात शोभतो, पण भीत भीत एकदा बदलून कायमचा तसाच राहतो. त्याच पात्राचा स्वस्त, वीस पायऱ्यांचा ‘डिलक्स’ नग कित्येकदा अधिक चांगले खेळणे असतो.

भारतात : चेन्नईच्या फनस्कूल कंपनीने हॅस्ब्रोच्या परवान्याने भारतात ‘जी.आय. जो’ आकृत्या बनवल्या आणि रंगांच्या अनोख्या जुळणीमुळे त्या जगभरच्या संग्राहकांना हव्या असतात. ट्रान्सफॉर्मरचा संग्रह करणाऱ्यांना मात्र मुख्यतः आयात मालावर विसंबावे लागते. खेळण्यांवरील आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले. १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक ब्यूरोचे प्रमाणपत्रही बंधनकारक झाले. परदेशात बेताच्या किमतीला मिळणारा नग येथे महाग पडण्याची कारणे ही आहेत.

मुंबई आणि कोकणपट्टीच्या हवेत संग्रह टिकवणे हे वेगळेच काम. पावसाळ्यात खोक्यांना बुरशी धरते, स्टिकर सुटतात, लोखंडी पिना आणि स्प्रिंगा गंजतात. काचेच्या बंद कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या वेळोवेळी बदलाव्यात. कपाट खिडकीसमोर नसावे. रबरी टायर प्लास्टिकला चिकटून राहू देऊ नयेत, कारण रबरातले मऊपणा आणणारे द्रव्य प्लास्टिकमध्ये उतरून डाग पाडते. सैल चेंडू-सांध्याला पारदर्शक नेलपॉलिशचा एक हात देऊन, तो पूर्ण वाळल्यावरच पुन्हा जोडावा. ओलेपणी जोडला तर सांधा कायमचा चिकटतो.